चाचणीचा आकडा हातात आल्यावर तुम्ही काय करणार?

पत्र : मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या आइस हॉकी संघाचा सहायक प्रशिक्षक आहे. हंगाम सुरू व्हायला आठ आठवडे उरलेत. क्लबच्या समितीने ठरवलंय की यंदाही सगळ्यांची फिटनेस चाचणी एकाच दिवशी घ्यायची. बीप टेस्ट (दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर वाढत्या वेगाने धावत राहायचं), पुश-अप्स, पुल-अप्स, वजन आणि चिमट्याने चरबी. निकाल कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर क्रमाने लावायचा आणि बीप टेस्टमध्ये ठरलेली पातळी न गाठणाऱ्यांना पहिले तीन सामने बाहेर बसवायचं. गेल्या वर्षी असंच झालं. एक मुलगी चौथ्या पातळीला थांबली, नंतर दहा मिनिटं खोकत राहिली आणि यादीत शेवटची आली. बर्फावर मात्र ती आमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंपैकी आहे. यंदा तिने आईला सांगितलंय, ‘चाचणी असेल तर मी येणार नाही.’ चाचण्या नकोतच असं माझं म्हणणं नाही, बिनतयारीच्या मुलांना बर्फावर उतरवणं मलाही पटत नाही. पण जे चाललंय ते बरोबर वाटत नाही. समितीपुढे मी काय मांडू?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘दहा मिनिटं खोकत राहिली’ या शब्दांपाशी अडले. यादी आणि समितीबद्दल बोलूच, पण आधी त्या खोकल्याबद्दल.

धावून दम लागणं वेगळं आणि धावणं थांबल्यावर छाती आवळून येणं वेगळं. दमलेलं मूल थांबलं की काही मिनिटांत सावरायला लागतं. श्वासनलिका आकसल्या असतील तर याच्या उलट होतं. त्रास बहुतेक वेळा थांबल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत वाढत जातो. खोकला येतो, छातीत घरघरतं, श्वास पुरता आत जात नाही. बर्फावरच्या खेळाडूंमध्ये हा त्रास इतर बऱ्याच खेळांपेक्षा जास्त दिसतो. रिंकमधली, म्हणजे बर्फाच्या मैदानावरची हवा थंड आणि कोरडी असते, आणि जोरात खेळताना ती नाकातून न जाता तोंडावाटे थेट आत जाते, श्वासनलिकांचं अस्तर सुकवते. त्यात बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र इंधनावर चालणारं असेल आणि हवा खेळती नसेल, तर नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. तुमच्या रिंकवरचं यंत्र कशावर चालतं, हे एकदा विचारून घ्या.

त्या मुलीला दमा आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणालाच ठरवता येणार नाही. पण कुठलीही चाचणी देण्याआधी तिने डॉक्टरांकडे जायला हवं, एवढं नक्की. जाताना तिच्या आईने लिहून न्यावं : खोकला धावताना सुरू झाला की थांबल्यावर, किती वेळ टिकला, रिंकवर होतो का, रात्री होतो का. आणि शांत बसून फुंकायची स्पायरोमेट्री नॉर्मल आली म्हणून विषय संपला असं समजू नये. या त्रासात ती पुष्कळदा नॉर्मलच येते. खरं चित्र व्यायाम करवून, त्यानंतर ठरावीक मिनिटांनी फुंकायला लावलं की दिसतं. निदान झालंच तर घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला वॉर्म-अप, एवढ्यावर बहुतेक मुलं पूर्ण ताकदीने खेळतात.

बर्फावर ती उत्तम खेळते आणि बीप टेस्टला चौथ्या पातळीला थांबते, यात तुम्हाला वाटतं तेवढी विसंगती नाही. हॉकीत खेळाडू पाऊण मिनिटाच्या आसपास बर्फावर असतो आणि मग बाकावर येऊन बसतो. बीप टेस्ट मधेच असं थांबू देत नाही.

म्हणजे गेल्या वर्षीच्या चाचणीने तिचं काम चोख केलं होतं. तिने तुम्हाला या मुलीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ती कुणी पाहिली नाही, कारण सगळे पातळीचा आकडा लिहून घेण्यात गुंतले होते. आणि पुढे वर्षभर त्या आकड्याचं तुम्ही काय केलंत? तिला काही वेगळा सराव दिला, कुणाला दाखवलं, पुन्हा मोजलं? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. समितीपुढे मांडायचा मुद्दा हाच आहे. प्रत्येक मापाआधी विचारा : हा आकडा हातात आल्यावर आपण या मुलासाठी काय वेगळं करणार? उत्तर असेल तर मोजा. नसेल तर त्या मुलाला तराजूवर चढवू नका, बारला लटकवू नका.

हे शहाणपण मला उशिरा आलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागल्यावर सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशा याद्या भिंतीवर लावल्या आहेत. एका हंगामाआधी उभ्याने लांब उडीत एक मुलगा शेवटचा आला. चौदाचा होता. मी त्याला ‘पायात जोर नाही’ असं लिहिलं आणि आठवड्यातून चार दिवस जास्तीच्या उड्या दिल्या. हंगामाच्या मध्यावर तो लंगडत आला, गुडघ्याखाली सुपारीएवढा उंचवटा, बोट लावू देईना. ऑसगुड-श्लॅटर. गुडघ्याच्या वाटीखालची शीर नडगीच्या हाडाला जिथे चिकटते, तिथल्या वाढत्या हाडावर ओढ बसून होणारा त्रास. वही उघडून पाहिलं तर त्याची आदल्या वर्षाची उंची होती, या वर्षाचीही होती. तो अकरा सेंटिमीटर वाढला होता. दोन्ही आकडे मीच लिहिले होते आणि वजाबाकी केली नव्हती. विश्रांती आणि योग्य व्यायामाने तो बरा झाला, पण तो हंगाम त्याच्या हातून माझ्यामुळे गेला.

म्हणून तुमच्या वयोगटासाठी माझं पहिलं माप उंची आहे. मुलींची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमाराला, मुलांची चौदाव्याच्या. सरासरी म्हटलं, कारण एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांमध्येही कुणाची ही उसळी येऊन गेलेली असते आणि कुणाची अजून दोन वर्षं लांब असते. तुमच्या संघातली दोन तेरा वर्षांची मुलं शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. मिशी फुटलेला आणि अजून बाळसेदार चेहऱ्याचा अशी दोन मुलं एका यादीत वर-खाली लावली, तर आपण मेहनत मोजत नाही, हार्मोन्सचं वेळापत्रक मोजतो.

उंची दर महिन्याला, शक्यतो सकाळी, बूट काढून घ्या. बसून उंचीही घ्या. आधी पाय लांबतात आणि मग धड, त्यामुळे दोन्हींतला फरक बोलका असतो. वय, वजन, उंची आणि बसलेली उंची यांवरून ही उसळी किती लांब आहे याचा अंदाज बांधायचं एक समीकरण आहे, मिरवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेलं. ते वापरा, पण तो अंदाजच आहे, काही महिने इकडेतिकडे होतो. मी स्वतः साधी खूण पाहते : महिन्याला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वाढ सलग दिसली, की त्या मुलाच्या उड्या आणि अचानक थांबण्याचे व्यायाम कमी करायचे, गुडघा, टाच आणि कंबर दुखते का हे दर आठवड्याला विचारायचं. या काळात काही मुलं तात्पुरती अवघडतातही. काल जमणारं वळण आज जमत नाही. प्रशिक्षकाला तो आळस वाटतो, आणि मुलाला काय होतंय ते त्याचं त्यालाच कळत नाही.

जन्मतारखेचंही असंच आहे. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या पातळीवर जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी दिसली आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेले कमी. वयोगट १ जानेवारीला तोडला जायचा. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठं, म्हणून जास्त निवडलं जायचं, म्हणून त्याला जास्त सराव आणि चांगले प्रशिक्षक मिळायचे, आणि काही वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेलं असायचं. तुमच्या गेल्या वर्षीच्या यादीपुढे प्रत्येकाचा जन्ममहिना लिहून बघा. समितीसमोर तेवढा एक कागद ठेवलात तरी बरंचसं बोलणं आपोआप होईल.

आता डॉक्टरी तपासणी. ती हंगामाच्या निदान सहा आठवडे आधी व्हावी, म्हणजे काही निघालं तर उपचारांना वेळ मिळतो. तुमच्याकडे आठ आठवडे आहेत, म्हणजे ती याच पंधरवड्यात. ‘खेळण्यास योग्य’ असं छापलेल्या कागदावर सही-शिक्का घेऊन येणं मी तपासणी धरत नाही. तिच्यातला सगळ्यात मोलाचा भाग प्रश्नांचा आहे आणि ते पालक व मूल दोघांना समोर बसवून विचारायचे असतात. श्रम करताना छातीत दुखलं का? खेळताखेळता, म्हणजे भर जोरात असताना, कधी चक्कर येऊन पडलं का? बरोबरीच्या मुलांच्या मानाने दम फार लवकर लागतो का? हृदयात धडधड होते का? घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक, कारण न कळता गेलं आहे का? कुणाला हृदयाचा आनुवंशिक आजार आहे का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर ते मूल हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय माझ्या चाचणीच्या रांगेत उभं राहत नाही. बाकी रक्तदाब, उभं आणि आडवं ठेवून छातीला नळी लावून ऐकणं, मांडीच्या सुरुवातीची नाडी, हे डॉक्टर पाहतील.

सरसकट सगळ्यांचा ईसीजी काढावा का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना तो कायद्याने घ्यावा लागतो, अमेरिकेत तशी सक्ती नाही. कोवळ्या वयातला ईसीजी वाचायला मुलांचे ईसीजी पाहण्याची सवय असलेले डॉक्टर लागतात, नाहीतर चांगली मुलं उगाच घरी बसवली जातात. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण रिंकवर हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र आहे का, ते कुठल्या भिंतीवर आहे आणि ते वापरायला कुणाला येतं, हे मात्र हंगामाआधी पक्कं करा. छातीवर नेमक्या क्षणी पक (हॉकीची कडक रबरी चकती) आदळला तर निरोगी हृदयाचा ठोकाही बिघडू शकतो, आणि छातीचं पॅड दरवेळी ते थोपवत नाही.

डोक्याचं थोडक्यात. तेरा वर्षं आणि वरच्यांसाठी स्कॅट-६ आणि आठ ते बारा वयासाठी त्याचीच लहान मुलांची आवृत्ती आहे. मेंदूला हादरा बसल्यावर मुलाची स्मृती, तोल आणि लक्ष तपासायला डॉक्टर ती वापरतात. हंगामाआधी ती एकदा करून ठेवणं सक्तीचं नाही, पण पुढे तुलना करायला उपयोगी पडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी किती हादरे बसलेत, शेवटचा कधी, डोकेदुखी अजून होते का, हे विचारा. मुलं लपवतात. तुमच्या गटात यंदा बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणं, सुरू होणार असेल तर जास्तच नीट विचारा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, अकरा-बारा वर्षांच्या गटात चेकिंगला परवानगी असलेल्या अल्बर्टात मेंदूच्या हादऱ्याचा धोका परवानगी नसलेल्या क्यूबेकच्या तिपटीहून जास्त निघाला. पुढे अमेरिकेत २०११ च्या हंगामापासून आणि कॅनडात २०१३ साली त्या वयासाठी चेकिंग बंद झालं. उंचीची वही इथेही कामाला येते : सरावात धडकेचे व्यायाम देताना जोड्या वयाने लावू नका, अंगकाठीने लावा.

मग शारीरिक चाचण्या. सर्वांत आधी मी जांघ बघते. स्केटिंगमध्ये प्रत्येक ढकलीला पाय बाजूला आणि मागे जातो, आणि मांडीच्या आतले स्नायू त्याला आवरून परत आणतात. हे स्नायू कच्चे राहिले की हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जांघेत ओढ बसते, आणि एकदा बसली की ती वर्षभर पिच्छा सोडत नाही. टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या एका संघात हंगामाआधी ही ताकद मोजली. २००१ साली त्यांनी लिहिलं की ज्यांच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्यांच्या ८० टक्क्यांहून कमी होती, त्यांना जांघेची दुखापत होण्याची शक्यता १७ पट होती. त्याहून मला पुढचं आवडतं : नंतरच्या हंगामांआधी त्यांनी कच्च्या खेळाडूंना सहा आठवडे त्याच स्नायूंचे व्यायाम दिले. आधीच्या दोन हंगामांत अशा ११ दुखापती झाल्या होत्या, नंतरच्या दोन हंगामांत ३. मोजलं, त्यावरून काहीतरी केलं, आणि पुन्हा मोजलं. समितीला उदाहरण द्यायचं तर हे द्या.

अर्थात ते प्रौढ व्यावसायिक खेळाडू होते, तो ८० चा आकडा तेरा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावू नका. तुमच्याकडे हातात धरायचं ताकदमापक यंत्र नसेल तर मुलाला उताणं झोपवा, गुडघे वाकवा, दोन गुडघ्यांमध्ये मऊ चेंडू किंवा रक्तदाबाचा पट्टा ठेवा आणि जोरात दाबायला सांगा. दुखलं का, कुठे दुखलं, डावी-उजवीकडे फरक वाटतो का? दुखलं तर ते मूल फिजिओथेरपिस्टकडे जाईल. नुसतं कच्चं असेल तर पुढचे आठवडे व्यायाम करेल. सोबत खुब्याचं आत वळणं बघा. हॉकी खेळणाऱ्या वाढत्या मुलांत खुब्याच्या हाडाचा आकार बदलून ते वळण आखडतं, विशेषतः गोलकीपरांत, कारण ते दिवसभर गुडघे आत टाकून खाली बसत असतात. गोलकीपरला बाकीच्यांच्या लांब धावेच्या आकड्यांनी मोजू नका. त्याचा खुबा आणि बाजूला सरकण्याचा वेग बघा.

त्यानंतर एका पायावर उभं राहणं आणि एका पायावर बसून उठणं, गुडघा आत कोसळतो का ते पाहायला. उभ्याने लांब उडी, जमिनीवर १० आणि ३० मीटर धाव. आणि मग खरं काम बर्फावर. सरळ ३० मीटर, डावीकडे आणि उजवीकडे वळण (एक बाजू बहुतेकांची अडखळते, हंगामभर त्यावर काम करता येतं), आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा वेळा पूर्ण जोरात, दर तीस सेकंदांनी एक. या शेवटच्यात पहिल्या आणि सहाव्या फेरीतला फरक पाहायचा. पहिली वेगवान आणि सहावी फार मंद असेल तर त्या मुलाला दमसास वाढवायचा सराव लागेल. सगळ्या फेऱ्या सारख्या पण मंद असतील तर ताकद आणि स्केटिंगचं तंत्र. दोघांची एकूण वेळ सारखी आली तरी पुढचे आठ आठवडे दोघांचे वेगळे जातील.

बीप टेस्ट मी टाकून देणार नाही. १९८२ साली माँट्रियल विद्यापीठात ल्यूक लेजे यांनी ती मांडली, वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये ताशी ८.५ किलोमीटरपासून दर पातळीला अर्ध्या किलोमीटरने वाढत जाणारी धाव. तिने शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता कळते, आणि ती हॉकीत उपयोगी आहेच : बाकावर बसल्यावर मूल किती लवकर सावरतं, यात तिचा मोठा वाटा असतो. पण ती धावण्याची चाचणी आहे. टाचा दुखणारं, नुकतंच उंच झालेलं, धावायची सवय नसलेलं मूल तिच्यात मागे पडतं आणि बर्फावर पडत नाही. तिचा आकडा वहीत ठेवा, तीन महिन्यांनी त्याच मुलाच्या नव्या आकड्याशेजारी मांडा. सामन्याच्या दारावर पहारेकरी म्हणून तिला उभं करू नका. ज्याचा दम कमी त्याला तीन सामने बसवून दम वाढत नाही. त्याला छोट्या शिफ्ट द्या, म्हणजे एका वेळी बर्फावर थोडाच वेळ ठेवा, आणि सराव द्या.

पुल-अप्सवरून एक गोष्ट सांगते. २०१४ साली एनएचएलच्या निवडीआधीच्या चाचण्यांत सॅम बेनेट या सतरा वर्षांच्या मुलाला एकही पुल-अप काढता आला नाही. गाजावाजा खूप झाला. तरी कॅल्गरीच्या संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२५ साली फ्लोरिडाच्या संघाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफमधला (बाद फेरीतला) सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक त्यालाच मिळाला. मला त्यातली मधली नोंद जास्त महत्त्वाची वाटते : त्या चाचणीनंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. तुमच्या संघात कुणाचा शून्य आला तर पहिल्यांदा त्याचा खांदा बघा.

चरबीचा चिमटा मात्र कपाटात बंद करा. याबद्दल माझं मत ठाम आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या चरबीची टक्केवारी कळून तुम्ही तिच्या सरावात एकही चांगला बदल करू शकत नाही. ती मुलगी मात्र जेवणात बदल करेल, आणि तुम्हाला सांगणार नाही. वाढत्या वयात पोटाला कमी पडलं तर हाडं कच्ची राहतात, पाळी लांबते किंवा थांबते, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीही २०२३ साली अठरा वर्षांखालच्यांची अशी मोजणी वैद्यकीय कारणाशिवाय करू नये असंच म्हटलं आहे. वजन उंचीच्या नोंदीसाठी लागतं तेवढं घ्या, एकेकाला बाजूला बोलावून, मोठ्याने न वाचता. पाळी नियमित आहे का, हा प्रश्न मुलीच्या डॉक्टरांनी किंवा तिचा विश्वास असलेल्या बाईंनी विचारावा. झोप मात्र तुम्हीही विचारू शकता. या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि पहाटेच्या रिंकच्या वेळा त्यावरच घाला घालतात.

चाचण्या एका दिवसात उरकू नका. निदान दोन दिवस घ्या, एक जमिनीवर, एक बर्फावर, मध्ये एक दिवस मोकळा. क्रम असा ठेवा की ताज्या अंगाने उडी आणि वेग होईल आणि दमवणारी धाव सगळ्यात शेवटी. घड्याळ हाताने दाबणार असाल तर सगळ्यांना एकाच माणसाने मोजावं. हाताच्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, आणि दहा मीटरच्या धावेत तुमच्या यादीतली पाच-सहा मुलं तेवढ्याच फरकात बसतात. धार लावलेले स्केट्स, ताजा बर्फ, तोच वॉर्म-अप. पुढच्या वेळी हे बदललं तर सुधारणा मुलाची की धारेची, ते कळणार नाही. ताप, सर्दी असलेलं मूल घरी पाठवा आणि नंतर मोजा.

भिंतीवर काही लावू नका. प्रत्येकाला स्वतःचं एक कार्ड द्या. डावीकडे आजचा आकडा, मधे तो कशासाठी घेतला, उजवीकडे पुढच्या आठ आठवड्यांत काय करायचं. उजवा रकाना ज्या मापापुढे रिकामा राहील ते माप समितीने पुढच्या वर्षी वगळावं, एवढाच प्रस्ताव मांडा. समितीतले लोक वाईट नाहीत. त्यांनाही तयारीची मुलं हवीत आणि आकडे म्हणजे शिस्त असं त्यांना वाटतं. त्यांना आकडे कमी करा म्हणू नका, उजवा रकाना भरा म्हणा. बाहेर बसवायचा अधिकार फक्त डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यावर ठेवा, आणि तोही मूल बरं होईपर्यंतच.

राहिली ती मुलगी. तिच्याकडे तुम्ही स्वतः जा, निरोप पाठवू नका. तिला सांगा, ‘गेल्या वर्षी तू इतका वेळ खोकत होतीस आणि आम्ही फक्त तुझा आकडा लिहिला. ते आमचं चुकलं.’ यंदा यादी लागणार नाही हे समितीचा निर्णय झाल्यावरच सांगा, आधी शब्द देऊन तो मोडू नका. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर तिला सुरुवात बर्फावरच्या फेऱ्यांपासून करू द्या. बीप टेस्ट काही आठवड्यांनी, तिला वाटलं तर. पंप मिळाला असेल तर तो बाकावर तिच्या हाताशी हवा, बॅगेच्या तळाशी नको. आणि सहाव्या फेरीनंतर घड्याळ बंद करून पुढची दहा मिनिटं तिच्याजवळ उभे राहा.